आपल्या कालाघोडा सर्कलवरून मुंबईच्या काळा घोड्याला: दोन दिवसांची भटकंती

रंगमहालवाडी

नमस्कार मंडळी, बडोद्याच्या ह्या कट्ट्यावर मी बहुतेक वेळा फक्त वाचते, पण गेल्या महिन्यात आम्ही तिघी (मी, सासूबाई आणि माझी लेक) मुंबईला जाऊन आलो आणि तेव्हापासून डोक्यात घोळतंय की हे लिहायलाच हवं. आपण बडोदेकर मुंबईला जातो ते लग्नाला, मुंजीला, दवाखान्याच्या कामाला नाहीतर कुणाला एअरपोर्टवर सोडायला, दादर पार्ले बोरिवली केलं की परतीची गाडी. काळा घोडा, फोर्ट, ओव्हल मैदान हा दक्षिण मुंबईचा सगळा पट्टा टॅक्सीच्या काचेतून दिसेल तेवढाच. मी आजवर वीसेक वेळा तरी मुंबईला गेले असेन पण जहांगीर आर्ट गॅलरीच्या आत पाय ठेवला नव्हता, आणि खरं कारण म्हणजे वाटायचं की तिथे आपलं काय काम, आत गेलो आणि कुणी विचारलं काय पाहिजे तर काय सांगायचं.

ह्या वेळी निमित्त लेकीचं. ती बारावीत आहे, तिला फाइन आर्ट्सला जायचंय, आपल्याच, सयाजीराव विद्यापीठाच्या पुष्पबागेतल्या. तिच्या ड्रॉइंगच्या सरांनी सांगितलं की एंट्रन्सच्या आधी एकदा जहांगीर बघून ये, लोक आज काय काढतायत ते डोळ्यांनी बघ. सासूबाई म्हणाल्या मी पण येते. त्यांचं वय ७४, गुडघे दुखतात, पण म्हणाल्या येते म्हणजे येतेच.

रात्रीची गाडी घेतली, सकाळी मुंबई सेंट्रल. तिथूनच आता भुयारी मेट्रो आहे, जगन्नाथ शंकर शेठ नावाचं स्टेशन, ग्रँट रोड गिरगाव काळबादेवी सीएसएमटी करत पाचवं स्टेशन हुतात्मा चौक. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, म्हातारं माणूस बरोबर असेल तर लोकलच्या धक्काबुक्कीपेक्षा हेच घ्या. वर आलं की फ्लोरा फाउंटन आणि हुतात्मा स्मारक समोर, आणि तिथून महात्मा गांधी रोडने हळूहळू चालत दहा मिनिटांत काळा घोडा.

घोडा बघितल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न, "आणि महाराज कुठेत ह्याच्यावरचे?" कारण आपल्या कमाटीबागेजवळच्या काळ्या घोड्यावर सयाजीराव बसलेत, जन्मभर त्यांनी तोच घोडा बघितलाय. मुंबईच्या ह्या घोड्यावर कुणीच नाही. मी येताना वाचून आले होते म्हणून सांगता आलं, की मूळचा पुतळा इंग्लंडच्या सातव्या एडवर्ड राजाचा, तो प्रिन्स ऑफ वेल्स म्हणजे युवराज असतानाचा, व्यापारी अल्बर्ट ससूनने शहराला दिलेला, १८७९ साली उभारला, आणि १९६५ मध्ये तो तिथून हलवला. पुतळा गेला पण लोकांच्या तोंडातलं नाव गेलं नाही, पन्नास वर्षं नुसतं नावच राहिलं, घोडा नाहीच. मग २०१७ मध्ये नवीन घोडा बसवला तो मुद्दाम बिनस्वाराचा. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या बरंय, मोकळा आहे. लेकीने लगेच स्केचबुक काढलं.

जहांगीरला तिकीट नाही हो. अकरा ते सात उघडी असते, सरळ आत जायचं. दारावरच्या वॉचमनने सासूबाईंना बघून नुसती मान हलवली, तेवढंच. वेगवेगळे हॉल आहेत, प्रत्येकात वेगळ्या कलाकाराचं प्रदर्शन, आठवड्याने बदलतं, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कलाकार स्वतः तिथे बसलेला असतो. एका हॉलमध्ये विदर्भाकडचे एक चित्रकार होते, पन्नाशीचे, टेबलावर अभिप्रायाची वही, पाण्याची बाटली, डब्यात घरचे लाडू. सासूबाई एका चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, नुसत्या तपकिरी रंगाचे थरावर थर, मध्ये एक पांढरी रेघ. ते उठून आले आणि विचारलं, "काकू, काय दिसतंय?" मला धस्स झालं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सारवलेली जमीन आहे, आणि कुणीतरी रांगोळीची पहिली रेघ ओढून उठून गेलंय." त्या माणसाने दोन्ही हात जोडले. म्हणाले मी शेणाने सारवलेल्या ओसरीवरच वाढलोय, हे अजून मला कुणी बोललं नव्हतं. मग अर्धा तास माझ्या लेकीला ते रंग कसा चढवतात ते दाखवत होते, पातळ थर, वाळू द्यायचा, सँडपेपरने घासायचा, परत थर, खालचा रंग वरून डोकावला पाहिजे. तिथे हॉल मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं असं ते म्हणाले. काही चित्रांच्या लेबलवर लाल टिकली असते, ते चित्र विकलं गेलं असा अर्थ, हे आम्हाला तिथेच कळलं.

बाहेर फुटपाथवर पण चित्रं लावून कलाकार बसतात, पोर्ट्रेट करून देतात. लेकीचं करून घेतलं. मी त्या मुलाच्या हाताकडेच बघत होते. कोळशाची कांडी अंगठ्याएवढीच उरलेली, गालाची सावली तो करंगळीच्या बाजूने पुसायचा, आणि डोळ्यातला प्रकाश शेवटी खोडरबराच्या टोकाने एकदाच टच करून काढला. एकदाच. लेक म्हणाली आई मी हेच चुकते, मी दहा वेळा खोडते.

दुपारी म्युझियम, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथे जे झालं ते खाली वेगळं लिहिते, हे फारच लांबलं आणि कुकर लावायचाय.

सूरसागरकाठ

ताई काय सुंदर लिहिलंय, सारवलेली जमीन वाचून अंगावर काटा आला. सासूबाईंना नमस्कार सांगा माझा. पुढचं लवकर टाका.

रावपुरा_टॉवर

छान धागा. पण एक विचारू, राग मानू नका. इथे आपल्या गावात गायकवाडांच्या कीर्तिमंदिराच्या भिंतींवर शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस ह्यांनी स्वतः येऊन काढलेली भित्तिचित्रं आहेत, गंगावतरण, महाभारताचं युद्ध, मीराबाई, नटीर पूजा, ती आपल्यातल्या किती जणांनी बघितलीत? लक्ष्मीविलासच्या आवारात फतेहसिंह म्युझियममध्ये रविवर्म्याची अस्सल चित्रं आहेत. आधी घरचं बघावं असं मला फार वाटतं. दांडिया बाजारातली माझी भाचरं मुंबईचे मॉल बघून आली, कीर्तिमंदिर त्यांना रिक्षाचा स्टॉप म्हणून माहीत आहे.

रंगमहालवाडी

राग कसला दादा, अगदी खरं बोललात. लेकीला कीर्तिमंदिर दोन वेळा दाखवलंय, आणि तिथे मान वर करून बघायची सवय झाली होती म्हणूनच ती मुंबईत घुमटाखाली दहा मिनिटं उभी राहू शकली. घरचं बघितलेलं बाहेर उपयोगी पडतं.

तर म्युझियम. इमारत जॉर्ज विटेटची, ज्याने गेटवे ऑफ इंडिया केलं तोच. १९०५ मध्ये कोनशिला, १९१४ ला बांधून झालं, मग पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी दवाखाना होता म्हणून लोकांसाठी उघडायला १९२२ उजाडलं. कुर्ल्याचा काळा दगड आणि मालाडचा पिवळसर दगड, दोन्ही एकाच भिंतीत, आणि वर विजापूरच्या गोलघुमटासारखा घुमट. लक्ष्मीविलास बघितलेल्या माणसाला ती सरमिसळ लगेच ओळखीची वाटते.

आत मधल्या हॉलमध्ये वर बघितलं तर लाकडी कमानी आहेत, नक्षीकाम केलेल्या. त्या नाशिकच्या एका वाड्यातून आणून विटेटने तिथे बसवल्यात. सासूबाई खांबाजवळ जाऊन थांबल्या त्या हलेचनात. त्यांचं माहेर दांडिया बाजारातल्या वाड्यातलं, तो वाडा पाडून तिथे आता कॉम्प्लेक्स झालंय. हात लावायची परवानगी नाही म्हणून त्यांनी हात मागे बांधून घेतले होते, आणि नुसत्या नजरेने वरपासून खालपर्यंत जात होत्या. मग मला म्हणाल्या, "हे बघ, ही केळफुलं. आमच्या दिवाणखान्यात अशीच होती, सोळा. त्यातल्या एकाचा दाणा निखळलेला होता, दादाने क्रिकेटचा बॉल मारून पाडलेला. वाडा विकला तेव्हा लाकूड कुठे गेलं कुणी विचारलंच नाही." तिथली एक गार्ड बाई हे ऐकत होती, तिने कुठूनतरी स्टूल आणून दिलं. त्या पाऊण तास तिथे बसल्या, आम्ही दोघी लघुचित्रं बघून आलो, असीरियाचे दगडी शिल्पपट बघून आलो, मीरपूरखासची मातीची शिल्पं बघून आलो, ह्या तिथेच. निघताना सासूबाईंनी त्या गार्ड बाईला पोटाशी धरावं तसं जवळ घेतलं.

बास, दुसरा दिवस उद्या.

पुष्पबाग_७८

मुली, तू लिहीत राहा. मी फाइन आर्ट्सचा जुना विद्यार्थी, ७८ ला पास झालो, आता वय झालंय, टाइप करायला वेळ लागतो, पण हे वाचून राहवलं नाही.

जहांगीर आणि बडोदा हे नातं तुम्हा तरुण मंडळींना माहीत असलं पाहिजे. फॅकल्टी १९५० ला निघाली, पेंटिंग विभाग चित्रकार ना. श्री. बेंद्रे सरांनी उभा केला आणि जहांगीर उभी राहिली १९५२ ला, म्हणजे दोघी जवळजवळ जुळ्या बहिणी. सर कावसजी जहांगीर ह्यांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या आठवणीत ती बांधून दिली, चित्रकार हेब्बर आणि डॉ. होमी भाभा ह्यांनी मागे लागून ते घडवलं. त्याआधी मुंबईत चित्रकाराला चित्रं लावायला धड जागा नव्हती. आपल्याकडची पोरं कॅनव्हास गुंडाळून रात्रीच्या पॅसेंजरने मुंबईला जायची, बर्थखाली कॅनव्हास आणि वर आम्ही, झोप कुणाला येणार.

१९८१ मध्ये 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन जहांगीरला लागलं होतं, ते मी बघितलंय. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी, सुधीर पटवर्धन. भूपेनभाई मुंबईचेच जन्माचे, चार्टर्ड अकाउंटंट, १९६२ ला बडोद्याला आले आणि बडोद्याचेच झाले. तोपर्यंत आम्हाला वाटायचं मॉडर्न म्हणजे माणूस चित्रातून गेला पाहिजे. आणि इथे भिंतीवर कोण, तर शेजारपाजारचे, चाळीतले, दुकानातले. घड्याळजी, न्हावी, शिंपी ही भूपेनभाईंची माणसं, ती बघितल्यापासून मला मंगळबाजारातून जाताना प्रत्येक ओटल्यावर चित्र दिसायला लागलं.

तुझ्या लेकीला सांग, पहिल्या फेरीत काही वाचायचं नाही, लेबल नाही, कॅटलॉग नाही. सगळा हॉल एकदा चालून जायचं. ज्या चित्राने मान वळवली त्याच्यासमोर परत यायचं आणि फक्त तेच बघायचं. तुझ्या सासूबाईंनी हेच केलं, त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आणि सामोवार आता नाही ह्याचं मला वाईट वाटतं. जहांगीरच्याच मागच्या लांबट व्हरांड्यात ते कॅफे होतं, म्युझियमच्या बागेकडे तोंड करून, १९६४ पासून २०१५ पर्यंत चाललं. एका चहावर दोन तास बसलेलं चालायचं. आमच्यातल्या बऱ्याच जणांची पुढची दिशा तिथल्या वेताच्या खुर्च्यांवर ठरली.

अलकापुरी_२१

काका, तुमच्या आठवणींचा वेगळा धागा काढा प्लीज, मी हात जोडून सांगते.

इंदुरी_पोहे

बडोद्याच्या धाग्यावर इंदूरहून आलोय, चालेल ना? बेंद्रे सरांचं नाव वाचून थांबलो. ते मूळचे आमचे, इंदूरचा १९१० चा जन्म, देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली इंदूरच्या चित्रशाळेत शिकले मग मुंबईला चित्रकलेचा डिप्लोमा मग तुमच्याकडे बडोद्याला. एम. एफ. हुसेनसुद्धा इंदुरात वाढले आणि त्यांनीही सुरुवातीला इथेच चित्रकलेचे धडे घेतले. तर तुम्ही जहांगीरला गेलात की थोडं आमच्या वतीनेही बघत जा. आमच्याकडून मुंबई एका रात्रीत होते पण मुद्दाम चित्रं बघायला म्हणून कुणी जात नाही हे तुमचं म्हणणं इथेही शंभर टक्के लागू.

खंडेराव_मार्केट

मस्त चाललंय. मला व्यवहाराचं सांगा, राहायचं कुठे? आम्ही मागच्या वर्षी फोर्टात एका गेस्ट हाऊसमध्ये ऑनलाइन खोली घेतली होती, फोटोत झकास, प्रत्यक्षात चौथा मजला, लाकडी जिना उभा सरळ, लिफ्टला कुलूप, आणि खोली दिली ती खिडकी नसलेली, वडिलांना बायपास झालेली, त्यांना वर चढवताना माझा जीव गेला. पैसे परत मागितले तर बघू म्हणाले आणि अजून बघतायत.

रंगमहालवाडी

अरे बाप रे, काकांना त्रास झाला असेल खूप. आम्ही चुलत नणंदेकडे ग्रँट रोडला होतो त्यामुळे तो प्रश्न आला नाही. पण तिने हेच सांगितलं की फोर्टातल्या जुन्या इमारतींत लॉज वरच्या मजल्यावर असतात, फोन करून लिफ्ट चालू आहे का आणि खोलीला खिडकी आहे का हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत.

दुसरा दिवस. सकाळी लवकर ओव्हल मैदानावर गेलो, ऊन चढायच्या आत. मैदानाच्या मधोमध पायवाट आहे, तिथे उभं राहायचं. पूर्वेला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, राजाबाई टॉवर, सगळं टोकदार, दगडी, चर्चसारखं. पश्चिमेला वळलं की गोल कोपऱ्यांच्या बाल्कन्या, पिस्ता आणि लिंबू रंगाच्या पाच मजली इमारती, ते आर्ट डेको. मध्ये क्रिकेट खेळणारी पोरं. ह्या दोन रांगा आणि आसपासच्या मिळून ९४ इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. राजाबाई टॉवर १८७८ चा, पैसे दिले प्रेमचंद रायचंद ह्यांनी, मूळचे सुरतेचे, आणि नाव आईचं. त्या आईला दिसत नसे आणि सूर्यास्ताआधी जेवायचा नेम होता म्हणून टोल्यांवरून वेळ कळावी असं सांगतात. सासूबाईंना ही गोष्ट इतकी आवडली की परत येताना गाडीत शेजारच्या बाईंना सांगत होत्या.

मग एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, जहांगीरच्या समोरच, रस्ता ओलांडून. मूळचा कावसजी जहांगीर हॉल, सभा व्हायच्या तिथे, १९९६ पासून संग्रहालय. अर्धगोल दालनं एकावर एक आणि जिने, सासूबाई खालीच बसल्या. सोमवारी बंद असतं, आम्ही मंगळवारी गेलो म्हणून सापडलं. तिथे जे प्रदर्शन होतं त्यात बडोद्यात शिकलेल्यांची नावं दिसली की लेक मला कोपराने ढोसायची.

एक मात्र सांगते. जवळच्या गल्लीतल्या एका खाजगी गॅलरीत आम्ही गेलो, काचेचं दार, आत एसी. तिथल्या मुलीने सासूबाईंच्या नऊवारीकडे आणि पायातल्या चपलांकडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं की तुम्हाला कुणाला भेटायचंय का. माझी लेक पुढे झाली आणि मराठीतच म्हणाली, "आम्ही चित्रं बघायला आलोय." ती मुलगी बाजूला झाली. आम्ही सगळी चित्रं बघितली, एक न एक, सावकाश. मी लेकीचा हात घट्ट धरला होता.

सूरसागरकाठ

शाब्बास पोरी!!! हेच पाहिजे.

सयाजीगंज

+१. माझ्या अनुभवाने तिथल्या बहुतेक खाजगी गॅलऱ्यांतली माणसं चांगली असतात, विचारलं तर नीट सांगतात पण, पहिल्या दारातच असं झालं की माणूस परत फिरकत नाही, म्हणून हे लिहिलंत ते फार बरं केलंत. दार ढकलायचं आणि आत जायचं, प्रदर्शन सगळ्यांसाठी खुलं असतं, विकत घ्यायची सक्ती कुणी करत नाही.

गिरगावची_लेक

माहेर गिरगाव, सासर बडोदा (वाडी), म्हणजे हा धागा माझाच आहे :) काळा घोड्यापासून तसंच पुढे माझ्या माहेरी या की सगळ्यांनी. तुम्ही ग्रँट रोडला राहिलात म्हणजे गिरगावातली खोताची वाडी जवळच होती. लाकडी जिने बाहेरून, व्हरांडे, रंगीत गज, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची घरं, आता थोडीच उरलीत आणि जी आहेत त्यात लोक राहतायत, म्हणून फोटो काढायच्या आधी विचारा, दारात बसलेल्या आज्जीला हसून गुड मॉर्निंग म्हणा.

आणि बडोद्याचं आणखी एक नातं, राजा रविवर्म्याने सयाजीरावांसाठी पुराणातली चित्रं केली ती आपल्याला माहीत आहेत, पण त्याने छापखाना काढला तो १८९४ साली गिरगावात, नंतर तो लोणावळ्याकडे नेला. घराघरात जी लक्ष्मी सरस्वती फ्रेममध्ये गेली ती त्या छापखान्यातून. माझ्या आजेसासूबाईंच्या देवघरात त्यातली एक आहे, कडा खाल्ल्यात, तरी रंग बघावा.

रावपुरा_टॉवर

आता मी पण भर घालतो, कारण ह्यात आपला हक्क आहे. काळा घोड्याला लागूनच ती मोडकळीला आलेली लोखंडी सांगाड्याची इमारत आहे ना, एस्प्लनेड मॅन्शन, तेच जुनं वॉटसन हॉटेल. तिचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणलेला. ७ जुलै १८९६ ला तिथे ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली, भारतातला पहिला सिनेमाचा खेळ तो. आणि भारतातला पहिला कथापट ज्यांनी काढला ते दादासाहेब फाळके आधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि तिथून आले आपल्या कलाभवनात. सयाजीरावांनी १८९० ला काढलेलं कलाभवन, आजची टेक्नॉलॉजी फॅकल्टी. फोटोग्राफी त्यांनी इथे केली. त्यांचा सिनेमा मग ३ मे १९१३ ला गिरगावातच कॉरोनेशनला लागला. म्हणजे काळा घोडा, कलाभवन, गिरगाव असा त्रिकोण आहे बघा. मी टेक्नॉलॉजीत चार वर्षं काढली, रोज त्या घुमटाखालून गेलो, हे एकाही मास्तरने सांगितलं नाही ह्याचा मला आजही राग आहे.

अलकापुरी_२१

हे मला अजिबात माहीत नव्हतं!! उद्या ऑफिसला जाताना थांबून बघणार.

खाण्याचं कुणी बोलत नाहीये. आम्ही शाकाहारी, कुठे खाल्लंत?

रंगमहालवाडी

पहिल्या दिवशी सीएसएमटीसमोरच्या गल्लीत पंचम पुरीवाला, पुरी भाजी, गर्दी असते पण पटकन नंबर लागतो. दुसऱ्या दिवशी मेट्रो सिनेमाजवळ कयानी, १९०४ चं इराणी, बन मस्का आणि चहा. सासूबाईंना मार्बलच्या टेबलाचं फार कौतुक. आणि घरून लीलो चेवडो नेला होताच, तो ओव्हलवर बसून खाल्ला.

सयाजीगंज

फेस्टिव्हलच्या वेळी गेलं तर? काळा घोडा फेस्टिव्हल साधारण जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीच्या सुरुवातीला असतो, नऊ दिवस, १९९९ पासून. सगळं फुकट. के दुभाष मार्ग गाड्यांना बंद करतात आणि रस्त्यावर मोठी मोठी इन्स्टॉलेशन्स. आम्ही दोनदा गेलोय. शनिवार रविवार चुकूनही जाऊ नका, चित्र दिसत नाही फक्त मोबाइल वर धरलेले हात दिसतात. मधल्या वारी सकाळी जा. डेव्हिड ससून लायब्ररीच्या मागच्या बागेत पुस्तकांचे कार्यक्रम असतात ते मला सगळ्यात आवडले, १८७० ची पिवळ्या दगडाची इमारत, मागे झाडं, आणि बाहेर एवढा गोंगाट असून आत लेखकाचा आवाज नीट ऐकू येतो. मागच्या गल्लीतलं निळं सिनेगॉग (ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ) पण बघा, १८८४ चं, आत रंगीत काचा. ओळखपत्र जवळ ठेवा.

पुष्पबाग_७८

गर्दी असली तरी पोरांना एकदा फेस्टिव्हल दाखवावा. पण शिकायचं असेल तर पावसाळ्यात जा. दुपारी जहांगीरमध्ये चार माणसं असतात, कलाकार कंटाळलेला असतो आणि बोलायला कुणीतरी हवं असतं.

गिरगावची_लेक

कुणी पहाटे उठणारं असेल तर ससून डॉक, कुलाब्याला, १८७५ चा. कोळणींचा लिलाव उजाडायच्या आत उरकतो. २०१७ मध्ये तिथल्या गोदामांत आणि भिंतींवर मोठा कला प्रकल्प झाला होता, कोळणींचेच चेहरे भिंतीभर. वास सहन होणार असेल तरच, आणि पायात जुन्या चपला.

खंडेराव_मार्केट

वडील म्हणतायत परत जाऊया, ह्या वेळी लिफ्ट विचारून. त्यांना जुना पुतळा बघायचाय, एडवर्डचा. तो आहे कुठे नक्की?

रावपुरा_टॉवर

भायखळ्याला, राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड म्युझियमजवळ. भायखळा स्टेशनपासून चालत जाता येतं.

रंगमहालवाडी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पुष्पबाग काका, तुमचं पहिल्या फेरीचं लेकीने कागदावर लिहून टेबलावर चिकटवलंय.

काल रविवारी ती सकाळी सहाला उठून सायकलने कालाघोडा सर्कलला गेली, मी मागून स्कूटीवर. मुंबईचा घोडा तिने एका बैठकीत काढला होता, आपला काढायला तिला अडीच तास लागले. रिकामा घोडा सोपा होता म्हणाली, माणूस बसला की घोड्याची पाठ बदलते, वजन कुठे पडतं ते दाखवावं लागतं. पुलावरून रिक्षा जात होत्या, एक चहाच्या लारीवाला भाई येऊन मागे उभा राहिला, बराच वेळ बघत होता, मग म्हणाला, "बेन, जमणो पग जरा वधारे वळेलो छे." तिने वर बघितलं, परत कागदाकडे बघितलं, आणि उजवा पाय खोडला. एकदाच.